घारापुरी: पाचशे वर्षांची एकदिवसीय सहल

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय ना' शक्य तितके काढले आहेत, बाकी मजकूर तोच.)

मागचे काही भाग आपण किल्ल्यांवर काढले, आज बोट पकडायची आहे. विषय एका दिवसाच्या सहलीचा, आणि जागा घारापुरी, म्हणजे एलिफंटा. "ती तर शाळेतच झाली, पाचवीत!" असं तुमच्यातले निम्मे जण म्हणणार याची मला कल्पना आहे. म्हणूनच ही जागा घेतली. पाचवीच्या सहलीतलं लोकांना नक्की काय आठवतं? माकडानं पळवलेला वेफर्सचा पुडा, टॉय ट्रेन आणि 'त्रिमूर्ती'. यातली पहिली दोन उत्तरं बरोबर आहेत. तिसऱ्याकडे नंतर येऊ.

ऑफिसमध्ये 'वन डे आउटिंग' ठरवायची वेळ आली की एक्सेल शीट माझ्याकडे येते. इतिहासाचा नाद आहे म्हटल्यावर तुम्हीच करा, असा सगळ्यांचा हिशोब. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी घारापुरीला चार वेळा गटानं गेलोय. दोनदा ऑफिसबरोबर, एकदा आमच्या सोसायटीबरोबर आणि एकदा या पॉडकास्टच्या बावीस श्रोत्यांबरोबर. त्यासाठी वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. या बेटाबद्दलचं जुनं लिखाण आपल्याकडे जे आहे, ते बहुतेक सगळं एखाद्या दिवसापुरत्या आलेल्या माणसांचं आहे. कोणी आरमारातून वाकडी वाट करून आलं, कोणी मुंबईहून शिडाच्या होडीत डबा घेऊन आलं. आले, पाहिलं, थक्क झाले, संध्याकाळी परतले. आणि जाताना काहींनी बेटावरच्या वस्तूही नेल्या. आजचा भाग त्या नेलेल्या वस्तूंचा आहे, कारण त्यांच्याशिवाय घारापुरी अर्धीच दिसते.

सुरुवात पोर्तुगीजांपासून करू. १५३४ च्या डिसेंबरमध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहानं वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात मुंबईची बेटं आली, तशी घारापुरीही आली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य पोर्तुगालहून इकडे आला. गोवेकर श्रोत्यांना हे नाव माहीत असेल, पणजीतल्या बागेला त्याचं नाव आहे. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं, आणि त्यात मिरी-वेलची-आंब्याच्या मध्येच हे लेणं येतं. ओर्ता सांगतो की १५३४ मध्ये ते पाहिलं तेव्हा फार सुंदर होतं, पण आता आत गुरं शिरतात आणि त्यानं खूप नासधूस झाली आहे. म्हणजे तीसेक वर्षांत झालेला फरक तो आपल्या डोळ्यांनी पाहिलेला सांगतोय.

याच सुमारास, १५३८ मध्ये, गोव्याहून दीवकडे निघालेल्या आरमाराबरोबर जुआंव द कास्त्रो आला. हा पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. मला हा माणूस आवडतो, कारण यानं मापं घेतली. खांब किती, लांबी किती, रुंदी किती. इतरांनी 'अद्भुत, अद्भुत' लिहिलं, यानं अद्भुत लिहून शिवाय आकडेही लिहिले. आमच्या क्षेत्रातला माणूस!

आता पहिली नेलेली वस्तू. दियोगू द कूतो या पोर्तुगीज इतिहासकारानं नोंद केली आहे की लेण्याच्या दाराशी एक शिलालेख होता. वसईचा मुलूख हाती आल्यावर पोर्तुगीजांनी तो दगड काढला. इथल्या हिंदू-मुसलमान जाणकारांना दाखवला, कोणालाच वाचता आला नाही. मग तो पोर्तुगालला राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठवला. राजानंही वाचून घ्यायची खटपट केली, जमलं नाही. त्यानंतर दगडाचा पत्ता नाही. आजतागायत नाही.

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं या एका दगडावर अडलंय. घारापुरीचं मुख्य लेणं कोणी कोरलं, हे आपल्याला माहीत नाही. साधारण सहाव्या शतकाचा मध्य, इथपर्यंत बहुतेक अभ्यासक येतात. वॉल्टर स्पिंक यांच्यासारखे अभ्यासक कलचुरी राजा कृष्णराजाचं नाव घेतात. कारण त्याची नाणी बेटावर बरीच सापडली, आणि ती किरकोळ किमतीची आहेत. किरकोळ नाणी एका जागी भरपूर सापडली, याचा अर्थ तिथे मजुरी वाटली गेली असावी, असा तो तर्क. दुसरा दावा कोकणच्या मौर्यांचा. ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यानं जहाजं घेऊन समुद्रावरची 'पुरी' जिंकल्याचं वर्णन आहे, आणि काही जण ती पुरी म्हणजे घारापुरीच असं धरतात. तेही नक्की नाही. वेरूळ-अजिंठ्याला कुठे ना कुठे दान देणाऱ्याचं नाव सापडतं. इथे एवढं प्रचंड काम आणि कर्त्याचं नाव नाही. एखादं भलंमोठं सॉफ्टवेअर नीट चालतंय, पण कोणी लिहिलं त्याची नोंद कुणीतरी पुसून टाकली आहे, असं.

आणि चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. जेम्स प्रिन्सेपनं अशोकाची ब्राह्मी उलगडली ती १८३७ मध्ये. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत मुंबईतलेच डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध करत होते. म्हणजे तो दगड आणखी तीनशे वर्षं बेटावर नुसता पडून राहिला असता ना, तर गिरगावातला एक डॉक्टर बोटीनं जाऊन दुपारपर्यंत वाचून आला असता.

दुसरी वस्तू हत्ती. 'एलिफंटा' हे नाव पोर्तुगीजांनी ज्या हत्तीवरून दिलं, तो दगडी हत्ती बेटाच्या दक्षिण बाजूला, राजबंदरच्या धक्क्याजवळ होता. त्या काळी येणाऱ्या होड्यांना आधी हत्ती दिसायचा, मग लेणं. आज आपली लाँच दुसऱ्याच बाजूच्या जेटीला लागते, त्यामुळे हत्तीची जागासुद्धा कोणी पाहत नाही. १८१४ मध्ये त्याचं डोकं आणि मान निखळून पडली. १८६४ मध्ये तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, त्यात तो पार मोडला. तुकडे मुंबईत आले, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये ठेवले गेले, आणि विसाव्या शतकात ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. व्हिक्टोरिया गार्डन म्हणजे आपली राणीची बाग, आताचं जिजामाता उद्यान. हत्ती आजही तिथे, वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला लागून उभा आहे. पेंग्विन बघायला गेलेली हजारो माणसं त्याच्या शेजारून जातात. आणि त्या वस्तुसंग्रहालयाचं नाव काय? १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. दगड वाचू शकला असता तो माणूस इथे आणि ज्या बेटावर तो दगड होता त्या बेटाचा हत्ती त्याच्या दाराशी. हे मी जुळवून आणलेलं नाही, जाऊन बघा.

मधल्या काळात राज्यं बदलली. मराठ्यांचा अंमल झाला, मग १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टीबरोबर घारापुरीही इंग्रजांकडे कायम झाली. पाहुणे येतच होते. १७६४ च्या सुमारास कार्स्टन नीबूर आला. डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात पाठवलेल्या अभ्यासक तुकडीतला हा एकटाच जिवंत उरला होता, आणि मुंबईत असताना त्यानं लेण्याचा आराखडा आणि शिल्पांची चित्रं काढली. १८०९ मध्ये मराया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका येऊन गेली, तिच्या प्रवासाचं पुस्तक १८१२ मध्ये छापलं गेलं. १८७१ मध्ये जेम्स बर्जेसनं या लेण्यांवर स्वतंत्र पुस्तक काढलं. यातला प्रत्येक जण आधीच्याचं वाचून आला होता आणि आधीच्याच्या चुका काढत होता. आपण ट्रेकिंग ग्रुपवर करतो तेच.

आणि मग १८७५ ची नोव्हेंबरमधली ती मेजवानी. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याच्यासाठी मुंबई सरकारनं जेवण ठेवलं ते थेट लेण्यात. मुख्य मंडपात टेबलं, दिवे, पाहुणे. घारापुरीच्या इतिहासातली सगळ्यांत थाटाची ग्रुप ट्रिप हीच म्हणायची. मला यात राग येण्यापेक्षा गंमत जास्त वाटते, कारण याचा पुढचा धागा असा आहे. हाच राजपुत्र पुढे सातवा एडवर्ड झाला. त्याचा मुलगा जॉर्ज, तोही प्रिन्स ऑफ वेल्स असताना, १९०५ मध्ये मुंबईत आला आणि त्यानं एका संग्रहालयाची पायाभरणी केली. ते म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. त्याच संग्रहालयाच्या शिल्पदालनात आज घारापुरीहून आलेली महिषासुरमर्दिनी आहे. बाप जिथे जेवला तिथलं शिल्प मुलानं पायाभरणी केलेल्या इमारतीत. तोच जॉर्ज पाचवा जॉर्ज म्हणून १९११ मध्ये परत आला, त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया बांधला, आणि आपण घारापुरीची बोट पकडतो ती गेटवेवरून. संग्रहालय आणि गेटवे, दोन्हींचा वास्तुरचनाकारही एकच, जॉर्ज विटेट. दोन वास्तूंमध्ये चालत पाच-सात मिनिटांचं अंतर.

आता लेण्यात जाऊ. शिल्पांचे पाय का नाहीत, हा गटात हमखास येणारा प्रश्न. गाइड पोर्तुगीज सैनिकांच्या नेमबाजीची गोष्ट सांगतात. झालीही असेल. पण जवळ जाऊन पाहिलंत तर अनेक शिल्पपटांत कमरेच्या वरचा भाग बऱ्यापैकी शाबूत आणि खालचा गेलेला असं दिसतं. गुरांचं अंग, साचलेलं पाणी, माणसांचे हात, सगळं तिथवरच पोचतं. ओर्तानं गुरांबद्दल लिहिलेलं मला म्हणूनच पटतं. ऐकायला गोळ्यांची गोष्ट जास्त बरी वाटते, हे मान्य.

सदाशिवाची मूर्ती वाचली, कारण ती खोल कोनाड्यात आणि उंच बैठकीवर आहे. साडेपाच मीटरच्या आसपास उंची. शाळेत आपल्याला हिला 'त्रिमूर्ती' म्हणून शिकवलं, ब्रह्मा-विष्णू-महेश. तसं नाही. तिन्ही चेहरे शिवाचेच आहेत. आपल्या डाव्या हाताला मिशीवाला, हातात साप धरलेला उग्र भैरव. उजव्या हाताला हातात कमळ घेतलेला, जवळजवळ स्त्रीचा वाटावा असा सौम्य चेहरा, उमेचा. मध्ये डोळे मिटलेला, कशातच नसलेला शांत चेहरा. चौथा मागे भिंतीत आणि पाचवा वर, न कोरलेले, असं मानायचं. तीन दिसले म्हणून त्रिमूर्ती म्हणणं म्हणजे घराच्या तीनच भिंती दिसल्या म्हणून चौथी नाही म्हणण्यासारखं आहे.

आणि एक बघा. आपण उत्तरेकडून आत शिरतो, समोर सरळ सदाशिव, सगळे मोबाइल काढून त्या दिशेला धावतात. पण लेण्याला पूर्व आणि पश्चिमेलाही अंगणं आणि वाटा आहेत, आणि चार दारांचं, प्रचंड द्वारपालांचं लिंगाचं गर्भगृह त्या पूर्व-पश्चिम रेषेवर आहे. पूर्वेकडून चालत आलात तर समोर सदाशिव नाही, लिंग येतं, आणि सदाशिव डाव्या बाजूला अंधारात राहतो. एकच लेणं, दोन वेगळ्या रचना. माझ्या गटांना मी आता आधी पूर्वेच्या अंगणात नेतो. पाच मिनिटं जास्त लागतात, कुरकुर होते.

सोसायटीच्या सहलीत आमच्या मजल्यावरच्या एक काकू होत्या. गर्भगृहाच्या पायऱ्यांशी त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "काकू, इथे पूजा वगैरे होत नाही, हे पुरातत्त्व खात्याचं आहे." त्या म्हणाल्या, "खात्याचं असू दे की. देव तर आहे ना आत?" आणि नमस्कार करून आल्या. मी गप्प बसलो, कारण त्यांच्या बाजूनं पुरावाही भक्कम आहे. पाहुण्यांनी वर्णनं लिहिली त्या काळातही महाशिवरात्रीला इथे भाविक येत होते, आजही येतात, उरणच्या बाजूनं होड्या भरून. त्यांचीही ही एका दिवसाचीच सहल, फक्त त्यांनी प्रवासवर्णनं लिहिली नाहीत. म्हणून ते पुस्तकांत एखाद्या ओळीपुरते येतात आणि ओर्ता, कास्त्रो, नीबूर पानंच्या पानं व्यापतात.

लिहिलं न गेलेलं आणखी एक म्हणजे गाव. बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. १९८७ पासून लेणी जागतिक वारसा यादीत आहेत. पण समुद्राखालून केबल टाकून बेटावर कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. समोर मुंबईचा झगमगाट, आणि इथे तोवर जनरेटरवर संध्याकाळचे काही तास. पर्यटकांना बेटावर रात्री राहायला परवानगी नाही, शेवटच्या बोटीनं सगळे परत. म्हणजे गावाची कमाई सकाळी येते आणि संध्याकाळी जाते. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंची दुकानं, ताक-काकडी-कैरी विकणाऱ्या बायका, वयस्कर माणसांना खुर्चीच्या डोलीतून वर नेणारे, सगळं त्या पाच-सहा तासांत. पावसाळ्यात समुद्र खवळला, बोटी बंद झाल्या, की तेही नाही. आमच्या ऑफिसच्या सहलीत जेवणाचे डबे मुंबईहून पॅक करून आणायची टूम निघाली होती, स्वस्त पडतं म्हणून. मी शीटमधली ती ओळ उडवली. गावातल्या खाणावळीत मासे, भाकरी आणि सोलकढी मिळत असताना गारढोण सँडविच कशाला खायचं?

आता बेत सांगतो. गट वीसच्या आत ठेवा, जास्त झालात तर लेण्यात आवाज इतका घुमतो की कोणालाच काही ऐकू येत नाही. गेटवेवरून पहिल्या बोटींपैकी एक पकडा, साधारण नऊच्या सुमाराला सुटतात. लाइफ जॅकेट घाला आणि घातलेलंच ठेवा, फोटोसाठी काढू नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावरच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली, हे विसरू नका. तासाभरात बेट. जेटीवर ग्रामपंचायतीची पावती, मग साधारण सव्वाशे पायऱ्या, मग पुरातत्त्व खात्याचं तिकीट. लेण्यात किमान दीड तास द्या. रावणानुग्रह, अर्धनारी, गंगाधर, शिवपार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध, एकेका पटासमोर बसा, खरंच खाली बसा. लग्नाच्या पटातली पार्वती उभ्यानं धावत पाहिली तर दिसतच नाही. तिचा संकोच सगळा मानेच्या कलण्यात आहे.

तीनच्या आधी गेटवेला परत. तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सगळं संग्रहालय पाहायच्या फंदात पडू नका, दमलेले असाल. शिल्पदालनात महिषासुरमर्दिनीपुढे उभे राहा. सकाळी पाहिलेल्या अंगांचा तोच भरीवपणा, तोच शांत जोर, पण आता उजेडात, हातभर अंतरावर. आमच्या श्रोत्यांपैकी एक मुलगी, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, तिथे दहा मिनिटं गप्प उभी होती आणि मग म्हणाली, "दादा, ही इथे एकटी पडलीये." तिला कुठे परत ठेवायचं, ठेवावं की नाही, यावर परतीच्या लोकलमध्ये दादरपर्यंत वाद चालला. बेटावर ठेवली तर खारा वारा आणि गर्दी, इथे ठेवली तर लेणं अपुरं. माझं मत विचाराल तर तिला आता हलवू नये, पण बेटावर तिच्या जागी एक साधी पाटी तरी हवी, की हिला पाहायचं असेल तर गेटवेजवळ उतरून पाच मिनिटं चाला. तशीच एक राजबंदरला, हत्तीसाठी.

हत्ती मात्र त्याच दिवशी होत नाही, भायखळ्यासाठी वेगळा रविवार ठेवा. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात आणि बुधवारी राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय दोन्ही बंद, तेवढं शीटमध्ये आधी लिहून ठेवा.

तुमच्या शाळेच्या सहलीतले घारापुरीचे जुने फोटो असतील तर पाठवा, विशेषतः त्यात राजबंदरची बाजू दिसत असेल तर नक्की. पुढच्या भागात कान्हेरी. भेटूच.